पहिला टाकला आणि गाडी मागे गेली

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात कुणी नव्याने सांगत नाही. पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा वाकड्या ठरवल्या त्याचा स्वभाव सरळ राहत नाही, असं बायकोचं मत आहे. तीही मास्तरीण. पण तिच्या वर्गातली मुलं तिला घाबरत नाहीत आणि माझ्या वर्गातली मला घाबरायची, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

तिच्या वर्गात एक रीत आहे. फळ्यावरची तिची चूक जो पकडेल त्याला लिमलेटची गोळी. पर्समध्ये पुडी कायम असते. "मुद्दाम चुका करतेस ना?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पहिल्या वर्षी मुद्दाम करत होते. आता करायची गरज पडत नाही, पोरं तयार झालीत."

तिची शाळा महूच्या पुढे, घाटाच्या अंगाला एका वस्तीवर आहे. एक खोली, एक ओसरी, पाच इयत्ता आणि एकटी ती. पक्क्या रस्त्यावरच्या गावापर्यंत बस जाते. तिथून पुढे काळ्या मातीची तीन-चार किलोमीटरची गाडवाट, मध्ये नाला आणि नाल्यानंतर चढ. कोरड्या दिवसांत ती त्या गावात ठेवलेल्या स्कुटीवरून जाते. पावसाळ्यात ती माती चाकाला अशी धरते की स्कुटी जागची हलत नाही आणि पायी निघालं तर चप्पल मागे राहते. गेल्या पावसाळ्यात शाळा इतके दिवस बंद राहिली की वरून स्पष्ट निरोप आला : यंदाही असंच झालं तर मुलांची नावं मोठ्या गावच्या शाळेत टाकण्यात येतील. मोठं गाव घाटाच्या पल्याड. एवढ्या लांब आम्ही पोरी धाडणार नाही, असं आयांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं.

मार्चमधली एक संध्याकाळ होती. शहरात, सुदामा नगरातल्या आमच्या गॅलरीत ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मी बदली मागून घेऊ का? शहरात कुठे पण मिळून जाईल."

ती कुरकुरली असती तर मी वाद घातला असता. तिने शांतपणे विचारलं, म्हणून मला ते फार लागलं. मी म्हणालो, "एक पावसाळा थांब. मी गाडी करतो."

"करतो म्हणजे? घेतो का करतो?"

"करतो."

चारही चाकांना जोर असलेली नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती. पण हातोद रोडवर एका शेडमध्ये, चिंचेच्या झाडाखाली, मागे माल ठेवायचा उघडा डाला असलेली एक जुनी जीप पडून होती. इंजिन जाम, त्यात उंदरांचं बिऱ्हाड. कधीतरी खड्ड्यात आपटून मागचा ॲक्सल वाकलेला. शेडचा मालक माझा जुना विद्यार्थी निघाला. मशीन ड्रॉइंगमध्ये मी त्याला दोनदा नापास केलं होतं, आणि त्यानंतर त्याने कॉलेज सोडलं होतं. आता तो चाळिशी ओलांडलेला, पिकलेल्या मिशीचा मिस्त्री आहे, आणि त्या रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देत नाहीत. मला बघून तो उठून उभा राहिला आणि हात पुसून पाया पडला. सगळ्या दुनियेला तो भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो; मला मात्र सर.

"सर, हिचं इंजिन बदलून टाकू. एक लोडिंग गाडी पलटी झालेली आहे आपल्याकडे, तिचं डिझेल इंजिन एकदम बढिया आहे. ॲक्सल पण बघून घेऊ. तुम्ही फक्त बसून राहा, चहा प्या."

बसून राहणं मला जमत नाही. मी घरून ड्रॉइंग बोर्ड नेला. इंजिन बदलण्याची परवानगी आधी काढून ठेवली, कारण कागदाच्या बाबतीत मी पक्का. नवं इंजिन आणि जुना गियरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती, तर मधल्या जाड पत्र्याचं ड्रॉइंग मीच काढलं. त्याने तो पत्रा कापला, भोकं पाडली, बसवून बघितला आणि शेडभर ओरडला, "सर, एकाच वेळेत बैठली!" त्या दिवशी घरी येताना मी स्कूटरवर गुणगुणत होतो असं शेजाऱ्यांनी बायकोला सांगितलं.

जुना ॲक्सल खाली उतरवला तेव्हा बायको तिथे होती. त्यातून निघालेल्या वाकड्या लोखंडी दांड्यावर तिने पाना मारून पाहिला. बराच वेळ आवाज घुमला. "हा मला द्या," ती मिस्त्रीला म्हणाली, "शाळेला घंटा नाहीये."

घोडं पेंड खात होतं ते नव्या ॲक्सलपाशी. मिळालेला ॲक्सल मजबूत होता, त्याचे दात पुढच्याशी जुळत होते, पण मधला गियरचा डबा डावीकडे होता आणि आमच्या गाडीत तो उजवीकडे हवा होता. मी दोन दिवस कागदावर डोकं घातलं आणि तिसऱ्या दिवशी विजयी चेहऱ्याने शेडमध्ये गेलो. ॲक्सल खालचा वर करून बसवायचा. उलटा केला की डावीकडचा डबा आपोआप उजवीकडे. स्प्रिंगच्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला वेल्ड करायच्या, बस. वरून, समोरून, बाजूने असं तिन्ही अंगांनी ड्रॉइंग काढलं होतं, मापांसकट.

मिस्त्रीने कागद बराच वेळ धरून ठेवला. मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "सर... पक्कं ना?"

"तुला काही शंका आहे?" मी विचारलं. मी ते कोणत्या आवाजात विचारलं असेल, ते माझ्या वर्गात बसलेल्या कुणालाही कळेल.

"नाही सर," तो म्हणाला आणि वेल्डिंगचा चष्मा चढवला.

दोन दिवसांनी ॲक्सलमधून तेल ठिबकायला लागलं. हवा जायचं भोक, जे वर असायला हवं, ते आता खाली आलं होतं. तो म्हणाला, "सील नवी आहे, बैठून जाईल." मी मान डोलावली. आम्ही दोघं त्या ठिबकणाऱ्या तेलाकडे बघत चहा प्यायलो.

शाळा उघडायला आठवडा होता, त्या रविवारी गाडी तयार झाली. बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी नारळ फोडला, मिस्त्रीने पुढच्या दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवली. बाजूच्या ढाब्यावरून पोहे-जिलेबी आली होती. चालवणार ती, कारण लहानपणी आजोळी ती ट्रॅक्टर शिकली आहे आणि मला स्कूटरपलीकडे काही धड येत नाही. मी मोठ्या रुबाबात समोर उभा राहून ये-ये असा हात केला. तिने पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागे गेली. मागे माझी स्कूटर उभी होती.

"रिव्हर्स टाकलास!" मी ओरडलो.

"मी पहिलाच टाकलाय."

"पहिला टाकला तर गाडी मागे जाते का कधी?"

ती खाली उतरली. मिस्त्री चढला. त्यानेही पहिलाच टाकला, आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितला, आणि गाडी पुन्हा मागे. मग माझा तोल गेला. गियरबॉक्स उलटा जोडलास, लक्ष कुठे होतं, असं म्हणता म्हणता मी म्हणून बसलो, "दोनदा नापास तुला उगाच नाही केलं."

शेडमध्ये चार लोक होते. सगळे पोह्यांकडे बघायला लागले. मिस्त्री अजून गाडीतच बसलेला होता. त्याने फक्त रिव्हर्स टाकला, आणि गाडी हळूच पुढे आली. लिंबांच्या वीतभर अलीकडे त्याने ती थांबवली. लिंबं साबूत होती.

तेव्हा मला कळलं. ॲक्सल उलटा केला की चाकांचं फिरणंही उलटं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे सुचायला हवं. माझ्या कागदावर माप न् माप बरोबर होतं, पण कागदावरचं चाक कधी फिरत नाही, आणि मी जन्मभर कागदच पाहिले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बायकोने मिस्त्रीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"डाउट होता मॅडम."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने हातातला पाना इकडून तिकडे केला. "सरांनी ड्रॉइंग काढलं होतं. आणि मी तर फेल झालेला." मग तो शेडच्या मागे गेला आणि गोणपाट बाजूला केलं. खाली एक ॲक्सल होता, उजव्या डब्याचा, साफ करून तेल लावून ठेवलेला. माझं ड्रॉइंग बघितलं त्याच संध्याकाळी त्याने तो दुसऱ्या मिस्त्रीकडून आणून ठेवला होता. आणला, आणि झाकला.

मला फार लाज वाटली. शाळा आठवड्यावर आली होती, त्या मुलींची नावं कागदावरच्या एका सहीवर लटकली होती, आणि माझ्या तोंडाला घाबरून एक जाणता माणूस महिनाभर गप्प बसला होता. किती वर्गांमधून किती मुलं अशी गप्प बसली असतील, याचा हिशोब मला करवेना. मी त्याला म्हणालो, "चूक माझी आहे." हे तीन शब्द मी त्याआधी कधी ओळीने उच्चारले होते की नाही, आठवत नाही. तो इतका गडबडला की त्याने मलाच जिलेबी आणून दिली.

बायको पर्समधली पुडी काढून म्हणाली, "तुला एक गोळी मिळाली असती. पण बोलला नाहीस, म्हणून नाही." आणि पुडी परत ठेवली.

पाच दिवसांत ॲक्सल बदलला. सहाव्या दिवशी लिंबं चिरडली गेली.

खरी परीक्षा जुलैत झाली. तीन दिवस झड लागली होती, चौथ्या सकाळी उघडली. गाडी आता पक्क्या रस्त्यावरच्या गावात उभी असायची. आम्ही तिघं बसने तिथे पोचलो, आणि गाडीने नाल्याच्या काठापर्यंत गेलो. बायको काठी घेऊन पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरायचं, हा तिचा नियम, आणि त्यावर चर्चा नाही. पाणी गुडघ्याच्या चांगलं खाली होतं. प्रश्न पलीकडच्या चढाचा होता. तो लोण्यासारखा चकाकत होता.

"जोरात गॅस दे आणि एका दमात वर काढ," मी सांगितलं.

मागे मिस्त्री खाकरला. मग तो म्हणाला, "नाही सर. गलत आहे."

मी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर त्याने खाली घातली नाही.

"जोर दिला तर चाक जागेवर फिरेल आणि गाडी तिथेच गाडली जाईल. चारी टायरची हवा कमी करू. दुसऱ्या गियरमध्ये हळू हळू. मॅडम, चाक फिरवायचं नाही, चालवायचं."

माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं. मी ते गिळलं आणि पुढच्या टायरपाशी उकिडवा बसून हवा सोडायला लागलो.

शाळेसाठी आणलेली तांदळाची पोती आणि वह्यांचे गठ्ठे डाल्यात तसेच राहू दिले, वजन हवं म्हणून. आम्हाला मात्र तिने गाडीत बसू दिलं नाही. "तुम्ही दोघं इथेच थांबा. बाजूला बसून कुणी शिकवत राहिलं की माझी चूक होते." गाडी पाण्यात उतरली, दगडांवरून हेलकावत पलीकडे गेली आणि चढाला लागली. अर्ध्यावर मागचं चाक घसरलं. तिने गॅस वाढवला नाही, कमीही केला नाही. गाडी तिरकी झाली, सावरली, आणि बैलाच्या चालीने वर जाऊन झाडीत दिसेनाशी झाली.

आम्ही इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिलो. तोही थांबला. मी खिशात हात घातला. त्या रविवारी घरी गेल्यावर तिच्या पुडीतली एक गोळी मी काढून ठेवली होती, आणि तेव्हापासून ती माझ्या खिशात होती. कागद चिकटला होता. मी ती त्याच्यापुढे धरली.

त्याने गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, मला शुगर आहे," म्हणाला, आणि कागद सोलून तोंडात टाकली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. लोखंडावर लोखंड, एक, दोन, तीन, आणि मागे राहिलेला तो लांब घुमारा. आमच्या वाकड्या ॲक्सलचा दांडा. त्याच्या मागोमाग पोरांचा गलका ऐकू आला, वस्तीतून शाळेकडे धावणारा.

मी सवयीने घड्याळ पाहिलं. शाळा चाळीस मिनिटं उशिरा भरली होती. मी कुणाला काही बोललो नाही.