तिच्या ऑपरेशनच्या वेळी

प्रोस्टेट काढून टाकल्यावर पुण्याहून दौंडला घरी आलो, तेव्हा लघवीची नळी लावलेलीच होती. पिशवी भरली की बायको ती रिकामी करायची, हात धुवायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची. पुढे नळी निघाली, पण ताबा राहिला नाही. नुसतं खोकलो तरी लेंगा भिजायचा.

एका सकाळी माझे लेंगे पिळताना तिनं कंबरेवर हात दाबला, आणि मला तिचं ऑपरेशन आठवलं. काही वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली होती. तिला वजन उचलू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. मी मात्र घरी आणल्याच्या पाचव्या दिवशी ड्युटीवर निघताना, "डबा झाला का न्हाई?" म्हणून ओरडलो होतो. पाण्याच्या घागरीही तीच भरत होती.

मी म्हणालो, "तुझ्या ऑपरेशनला मी काहीच केलं न्हाई गं."

"व्हय, न्हाई केलं," ती लेंगा झटकत म्हणाली.

'जाऊ द्या' असं ती म्हणेल, या आशेवर मी होतो. तिनं पुढचा लेंगा पिळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठून मी मोरीत लेंगा धुवायला बसलो. टाके ओढत होते. ती दारात आली, बघत उभी राहिली.

"साबण एवढा लावू नका, निघत न्हाई," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.