शिखराखाली थांबायचं ठरलं होतं

देविदास गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. माझ्या रामदासपेठेतून त्याच्या वाडीला बसनं फार तर अर्धा तास लागतो. बातमीला चार दिवस लागले. आमच्या दोस्तीची शेवटी काय गत झाली होती, ते यातच आलं. आता महिना होत आला, तरी मला धड वाईट वाटतंय की नुसती लाज वाटतेय, हेच कळत नाही...

कॉलेजात असताना सदर भागातल्या फुटपाथवर आम्ही दोघांनी मिळून एक इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. इंग्रजांच्या काळातली साहसकथा, पुठ्ठा निघालेली. दोन गोरे मित्र नकाशात नसलेलं एक शिखर शोधायला निघतात. आणाभाका होतात: जो आधी पोचेल त्यानं शिखराखाली थांबायचं, वर पाय दोघांनी एकदमच ठेवायचा. शेवटी पुढचा थांबत नाही आणि शिखराला त्याच्या एकट्याचं नाव लागतं. मला तेव्हा त्या माणसाचा भयंकर राग आला होता. देविदासची शंका वेगळीच.

"सामान वाहणारे हमाल तर आधीच वर पोचले असतील ना गा? त्यांचं नाव काहून नाही?"

पुढे तो वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात बिल्ट्या, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या, लिहायला लागला आणि मी शिकवायला. तरी दर रविवारी दुपारी गोदामातल्या पोत्यांवर बसून आम्ही त्या पुस्तकाचं मराठी करायचो. तो इंग्रजी ओळीवर बोट ठेवायचा, क्षणभर थांबायचा आणि सरळ मराठीतच बोलायचा. मी लिहून घ्यायचो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहिणं माझ्याकडे. भाषा सगळी त्याची होती. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

प्रकाशकानं हस्तलिखित चाळलं. अक्षर माझं, समोर बसलेला मी. "अनुवाद तुमचाच ना?" त्यानं विचारलं आणि मी "हो" म्हणालो. नोकरीत कायम व्हायचं होतं, नावावर एखादं पुस्तक हवं होतं. नंतर सांगू, छपाईच्या आधी सांगू, असं म्हणता म्हणता पुस्तक छापून आलं. प्रत घेऊन मी गोदामात गेलो तेव्हा देविदासनं मुखपृष्ठावरचं माझं एकट्याचं नाव बराच वेळ पाहिलं.

"छपाई मस्त झाली गा, वसंता," तो म्हणाला आणि चहा सांगितला. बस्स, एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते! त्यानं चहा पाजला, आणि मी हळूहळू जायचंच टाळलं.

गेल्या आठवड्यात शेवटी गोदामात गेलो. त्याच्या टेबलावर ती प्रत होती, पार खिळखिळी झालेली. बबन नावाचा जुना ड्रायव्हर तिथं डबा खात होता. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभाच राहिला.

"देविदासबाबू जेवणाच्या सुट्टीत आमाले वाचून दाखवे ना हे. माह्या दोस्ताचं पुस्तक हाये, म्हणे."

मी विचारलं, त्यातलं तुम्हाला काय आवडायचं?

"शेवट, साहेब. तो दोस्त शिखराखाली बसून राहते ना, दुसऱ्याची वाट पाहत. मंग तो आला का त्याले हात देते अन् दोघं संगंच चढते. हमालबी."

मी म्हणालो, असं नाहीये त्यात. बबन हसला. "बाबूनं किती डाव वाचलं, साहेब. आमाले पाठ हाये."

हे त्यानं मला माफ केलं म्हणायचं? की मी कसं वागायला हवं होतं, ते दर सुट्टीत वाचून दाखवलं? ती प्रत मी मागून आणली आहे. शेवटच्या पानावर ओळ आहे तशीच आहे, त्यानंच सांगितलेली आणि मी लिहून घेतलेली: तो थांबला नाही. त्या ओळीखाली बोट फिरवून फिरवून कागद काळा पडलाय. तिच्यावरच बोट ठेवून तो इतकी वर्षं मला शिखराखाली थांबवत होता.