साखराआजीची शिवराई

आमच्या तलवाड्यात दवाखाना नव्हता तेव्हा बाळंतपणं साखराआजीच करायच्या. धनगराच्या घरची बाई, पण पाटलाच्या वाड्यातही रात्री-अपरात्री त्यांनाच हाक जायची. बाळाची नाळ तांब्याच्या नाण्यावर ठेवून कापायची, ही त्यांची रीत. ते नाणं सासूकडून आलेलं, शिवकाळातली शिवराई.

परवा विजयसिंह पाटलांनी शाळेत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन मांडलं आणि आजींची शिवराई मागवून घेतली. पाहतात तर ‘श्री राजा शिव’ या अक्षरांवर विळ्याचे चरेच चरे! झालं, पेटले. पन्नासेक टाळकी घेऊन थेट आजींच्या दारात. गावाला अक्कल गहाण टाकायला निमित्तच लागतं.

“महाराजांचं नाव कावून खरडलं? माफी माग, म्हातारे!” पाटलांनी नाणं आजींच्या पुढ्यात फेकलं. एका पोरानं दारातली घागर लाथाडली. दुसऱ्याच्या हातात दगड होता. मी मधे पडायला गेलो, तर मलाच ढकललं.

ऐंशीच्या आजी ओट्यावरून हलल्या नाहीत. नाणं उचलून त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

“ह्यो खोल चरा तुजा हाय, इजय. लई चिवट नाळ व्हती तुजी. खालचा तुज्या बापाचा, माज्या सासूनं केलेला. त्यावर आडवा गेलाय त्यो मेंढक्या नाथाचा. आता माफी कुनाकुनाची मागू?”

पाटलांची मान खाली गेली. मग दगडवाल्यानं दगड हळूच खाली ठेवला आणि ओट्याजवळ येऊन वाकला.

“आजी, माजा कंचा?”