नमुना चमकला नाही, म्हणून संशय आला

आज डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रथमेशने पेढे वाटले.

आम्ही दोघं झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवतो. त्यांच्या स्फटिकात डिफेक्ट असला, म्हणजे एखादा अणू जागेवर नसला, की इलेक्ट्रॉन तिथे अडकतो आणि अतिनील दिव्याखाली कण हिरवे चमकतात. प्रथमेशचा नमुना चमकलाच नाही.

"एकही डिफेक्ट नाही! आजच जर्नलला पेपर पाठवू."

पेपरवर माझंही नाव आहे. मी पेढा टेबलावर ठेवला. आमच्या जुन्या भट्टीतून निर्दोष नमुना आजवर निघालेला नाही. शिवाय डिफेक्ट नसले, की हिरव्याऐवजी कणांचा मूळचा जांभळा उजेड वाढायला हवा. मी मोजला, तर तोही जवळपास गायब. म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा उजेड न देताच कुठेतरी संपत होती.

"कण बनवताना पाणी कुठलं घेतलेलंस?"

"अगं, डिस्टिल्ड संपलेलं. बोअरिंगचं घेतलं. गाळून घेतलं ना!"

त्या पाण्याने आमच्या बादल्यासुद्धा तांबड्या होतात. कणांत लोह शिरलं असावं, आणि लोह चमक विझवतं. उद्या तपासू.

"तू पेढ्यावरपण संशय घेशील," तो चिडून म्हणाला. पण पेपर थांबवला.

निकाल हवा तसा आला, की तुमच्याकडे पाण्याबद्दल कोण विचारतं?