कडब्याचं पाणी

मौद्याकडे आमची धानाची शेती. त्यात विहिरीजवळची एक बांधी, बांध घातलेला तुकडा, माझ्या बुढीची, म्हणजे बायकोची. तिथं तिनं जन्मभर तणनाशक मारू दिलं नाही, कारण धुऱ्यावर, बांधाच्या कडेले उगवणारा तरोटा ती भाजीले तोडे. "तिथं औषध माराल तर तीच भाजी तुमच्या ताटात वाढीन," म्हणे. चैतात ती गेली. बांधी राहिली माझ्या गळ्यात.

यंदा निंदायला बाया मिळेनात. पोरगा शहरात, मनीषनगरात राहतो, तो फवारणीचा पंप घेऊन आला.

"बाबा, एक फवारा मारतो, झंझट खतम."

"त्या बांधीत नाही."

"मग तण काढन कोण? तुम्ही?"

आमच्याकडे बाप्या माणूस निंदायला बसत नाही. चिखल करन, धानाचे पऱ्हे, रोपं वाहून देईन, पण निंदण बायांचं. कोणी ठरवलं, देव जाणे. पोरगा म्हणाला, नागपंचमीच्या आधीच्या रविवारी येतो, तण तसंच दिसलं तर मी काही ऐकणार नाही. अन् पंप धुऱ्यावरच ठेवून गेला. रोज जाता-येता तो पिवळा डबा पाहायचा, डोकं फिरायचं.

लेक उमरेडला दिली. तिचा फोन आला. "बाबा, ज्वारीच्या कडब्यात तणाले दाबणारं काहीतरी असते. तुकडे करा, भिजवा, उकळा, गाळून शिंपडा." तिनं कडबाही पाठवला. सांगायला काय जाते? बुढीच्या मोठ्या गंजात उकळत बसलो. डोळ्यांत धूर, ओल्या काड्या पेटता पेटेनात. पाणी झालं काळ्या चहासारखं. शेजारचा आला दात काढत.

"काकाजी, धानाले चहा पाजून राहिले का गा?"

"तुले पाजू का पहिले?"

बांधीतलं पाणी काढलं. पोराच्या पंपाले विषाचा वास, म्हणून निंबाच्या डहाळीनं शिंपडलं. आठवड्यानं पाहतो तर बारीक तण सुकलेलं, पण सावा, ते धानासारखं दांडगं तण, उभाच. पिवळा पडला, मेला नाही. लेकीले फोन लावला.

"मेलं नाही वं तुझं तण!"

"मरते कधी म्हटलं मी? दबते म्हटलं."

फोन ठेवला अन् रागानं साव्याचा एक झुपका ओढला. आला की सरळ हातात! एरवी सावा उपटायचा म्हणजे मनगट निघते. याची मुळं आखूड, नुसती बोटभर. दुसरा ओढला, तोही आला. मग धोतर खोचलं अन् बसलो चिखलात.

शेजाऱ्याले तेवढंच पाहिजे होतं. "लुगडं आणून देऊ का, काकाजी?"

"आण. नेसवून तुलेच बसवतो."

कंबर मोडली. बुढीले शिव्या घालत होतो. एवढं करून तो तरोटा खाईन कोण? मी शिजवला तर बैलही तोंड लावत नाही.

रविवारी पोरगा आला तेव्हा निम्मी बांधी व्हायची होती. त्यानं पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शेजारी येऊन बसला अन् पहिलंच रोप उपटलं.

"भैताडा, हे धान होय!"

"सारखंच तर दिसते दोन्ही."

"पात्याच्या जोडावर बोट फिरव. लव लागली तर धान, गुळगुळीत तर सावा."

"तुम्हाले काय माहीत? तुम्ही कधी निंदलं?"

"तुझी माय बायांले ओरडून सांगे. अख्ख्या शिवाराले ऐकू जाय."

त्यानं ते रोप परत चिखलात खोचलं, अंगठ्यानं दाबलं अन् पुढच्या झुपक्यावर बोट फिरवून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ओढ," म्हटलं. "सावा आहे."