पूजेचं ड्रॉइंग

मालन भाटकर आमच्या ऑफिसात नऊ वर्षं होत्या आणि त्यांच्या घरी मी एकदाही गेलो नाही. घर भाट्याच्या बाजूला होतं, एवढं माहीत होतं. वडील बोटीवर होते असं कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं भाऊ. लग्न झालं होतं की नाही हे विचारायचं मला कधी सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता. अशा माणसाने त्यांच्यावर लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन महिने हा कागद काढतो आणि परत ठेवतो. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आता माझ्याशिवाय कुणाला पूर्ण ठाऊक नाही, आणि मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.

मी बांधकाम कंपनीत सुपरवायझर होतो. ऑफिस रत्नागिरीत, कामं जिल्हाभर. शाळा, गोदामं, दवाखाने. मालकांना सगळे आप्पा म्हणत. १९९८ च्या जूनमध्ये आप्पांनी मालनबाईंना ऑफिसात घेतलं ते टायपिंगसाठी. त्या आधी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कारकून होत्या.

तेव्हा आमच्याकडे ड्रॉइंगं कपाटांवर, दारामागे आणि एका डांबराच्या रिकाम्या पिंपात असत. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात वाळवी. इमारतीत काही बदल झाला की नवं ड्रॉइंग यायचं आणि जुनंही तिथेच पडून राहायचं. कुठलं नवं, ते ज्याच्या त्याच्या डोक्यात. सावर्ड्याला एका गोदामाचं शटर आम्ही रस्त्याकडे ठेवायचं ते शेताकडे बसवलं होतं. आप्पा सोडून सगळे हसले.

मालनबाईंनी कुणी न सांगता पहिले वीस दिवस नुसत्या गुंडाळ्या उलगडल्या. मग मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ओढून घेतल्या आणि एकेका साइटची ड्रॉइंगं कपड्यांच्या चिमट्यांनी तारेवर टांगली. आप्पांचा पुतण्या उन्मेष नुकताच इंजिनिअर होऊन आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "मालनबाई, बांगडे वाळत घातलेत काय?"

"बांगडे बरे," त्या म्हणाल्या. "शिळे झाले की वास तरी येतो."

मग त्यांनी एक वही सुरू केली. ड्रॉइंगचा नंबर, कितवा बदल, दिल्याची तारीख, नेणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना 'जुनं परत'. जुनं ड्रॉइंग आणून दिल्याशिवाय नवं मिळायचं नाही. परत आलेल्या जुन्यावर त्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारत. आमच्या केरू मिस्त्रीला ते बिलकूल पटलं नाही.

"ह्या काय गॅसच्या सिलिंडरवानी? रिकामा द्या नि भरलेला न्या?"

"तसंच," मालनबाई म्हणाल्या.

केरूचे हात सोन्यासारखे होते. माझ्यापेक्षा त्याला काम जास्त कळायचं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर संगमेश्वरजवळ एका ट्रस्टच्या दुमजली दवाखान्याचं काम निघालं. भूमिपूजनाला ड्रॉइंगांचा गठ्ठा पाटावर ठेवला होता. गुरुजींनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. तोच गठ्ठा केरूने कामाला घेतला. कागदावर कुंकवाचे डाग तसेच होते. रोज सकाळी तो गठ्ठा कपाळाला लावून उघडायचा.

जानेवारीत साइटसमोरच्या दुकानात आप्पांचा फोन आला. वरच्या मजल्याची गॅलरी तीन फुटांची होती, डॉक्टरांना तिथे पेशंटसाठी बाकं ठेवायची होती. "पाच फुटांची करा, ड्रॉइंग मागून येईल." मी केरूच्या कागदावर तीनाला काट मारून पेन्सिलीने पाच लिहिलं.

ड्रॉइंग आलं मार्चमध्ये. केरू आणि मी रत्नागिरीला न्यायला गेलो.

"जुनं?" मालनबाईंनी विचारलं.

केरू दोन पावलं मागे सरकला. "ता नाय द्यायचा, बाय. पूजा झालेल्या कागदावर फुली मारनार? मगे बिल्डिंग उभी ऱ्हायल काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग नवं मिळणार नाही."

केरू जागचा हलेना, त्या पेन उचलेनात. मला असं ताटकळणं सहन होत नाही, लहानपणापासून. मी म्हणालो, "राहू दे ना मालनबाई, एवढं एक. साइटवर मी आहे ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वही पुढे सरकवली. "तुमच्या शब्दावर देतेय, खेडेकरभाऊ." शेवटचा रकाना त्यांनी कोरा सोडला. एरवी त्या तिथे काही ना काही लिहीतच.

परत येताना एसटीत मी ड्रॉइंग उघडून पाहिलं. गॅलरी पाच फूट. ते तर आपण केलंच आहे, असं मनात म्हटलं. कागद नवा, कोरा होता. सिमेंटचे हात लागून खराब होईल म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेडमधल्या माझ्या ट्रंकेत ठेवला. खालच्या कोपऱ्यात सळयांचा एक तक्ता होता. तो मी वाचला नाही. इथे काही कारण लिहावं म्हणून बराच वेळ विचार केला, पण कारण नाही.

एकवीस एप्रिलला स्लॅब होता. आदल्या संध्याकाळी उन्मेष येऊन सळया तपासून गेला. हातात कागद केरूचाच. अंतरं मोजली, कागदाशी जुळली, तो रत्नागिरीला परतला. सकाळी सातला नारळ फोडून मिक्सर सुरू झाला. अडतीस माणसं होती. काँक्रीट मागच्या खोल्यांपासून टाकत पुढे गॅलरीकडे यायचं होतं. एकदा सुरू केलेला स्लॅब कुणी मधेच थांबवत नाही. जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा राहतो आणि तिथून पाणी झिरपतं.

अकराच्या सुमारास चिऱ्यांचा एक ट्रक साइटसमोर थांबला आणि त्यातून मालनबाई उतरल्या. ऑफिसच्या बाहेर मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काखेत वही धरलेली, साडी चिऱ्याच्या धुळीने तांबडी झालेली. शिडीवरून त्या सरळ वर आल्या. मला वाटलं, घरी कुणाचं काही झालं.

"खेडेकरभाऊ, काम कुठल्या ड्रॉइंगवर चाललंय?"

मी केरूकडे बोट केलं. त्याने गठ्ठा गॅलरीच्या कडेला विटेखाली ठेवला होता. कुंकू लांबूनही दिसत होतं.

"नवं कुठाय?"

"आहे. खाली. जपून ठेवलंय."

त्यांनी शिडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणा."

मी शिडी उतरलो. शेडमध्ये माझ्या हातांना ट्रंकेची कडी निघेना. मागे वळून पाहिलं तर त्या दारात उभ्या होत्या. मी ट्रंक उघडताना, प्लॅस्टिक सोडताना त्या बघत होत्या.

"सकाळी उन्मेष म्हणाले, आज संगमेश्वरचा स्लॅब," त्या म्हणाल्या. "मग ते आप्पांबरोबर जीपने बाहेर गेले. मी वही उघडली तर रकाना कोरा. समोरच्या दुकानात फोन लावला, तो लागत नाही. एसटी हातखंब्याला बंद पडली, म्हणून ट्रकने आले."

"पण गॅलरी पाच फुटांचीच केलीय आम्ही," मी म्हणालो.

"मला त्यातलं काही कळत नाही. या कागदावर बदल एक लिहिलंय आणि वरच्या कागदावर काहीच लिहिलेलं नाही, एवढं कळतं. फरक काय आहे ते तुम्ही बघा."

मी तक्ता वाचला. जुन्यात गॅलरीला आठ एमएमची सळई होती, आठ इंचांवर एक. नव्यात बारा एमएमची, पाच इंचांवर एक, आणि प्रत्येक सळई मागे खोलीच्या स्लॅबमध्ये सहा फूट आत गेलेली. म्हणजे वर आम्ही पाच फुटांची गॅलरी तीन फुटांच्या गॅलरीच्या सळयांवर तोलायला निघालो होतो. तिच्यावर बाकं येणार होती आणि बाकांवर आजारी माणसं.

वर आलो तेव्हा काँक्रीट शेवटच्या खोलीत शिरलं होतं. गॅलरीच्या तुळईपासून दहा-एक फूट असेल. त्यातले सहा फूट नव्या सळयांना लागणार होते. घमेली हातोहात येत होती, मोजायला वेळ नव्हता.

"थांबवा," मालनबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आप्पांना न विचारता स्लॅब थांबवायचा, आणि का थांबवला हे नंतर सांगायचं. मी "थांबा" म्हणालो खरा, पण मिक्सरच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी हात वर केला. मिक्सरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग केरूकडे. केरू चिडून आला.

"काय झाला? आता नाय थांबवता येनार. सांधा ऱ्हाईल. आनि ह्या बाय हिकडं कशा?"

मालनबाईंनी माझ्या हातातला कागद घेऊन त्याच्यासमोर धरला. "मिस्त्री, हे वाचा. तुमचं बरोबर असेल तर मी आल्या ट्रकने परत जाते."

केरूला वाचायला वेळ लागायचा. तो तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ उतरू लागला. तेवढ्यात आणखी सहा घमेली पडली. मी ती मोजली, दुसरं काही करत नव्हतो. केरूचं बोट एका ठिकाणी थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. तो खाली बसला. बसल्या बसल्याच त्याने जी हाळी दिली ती रस्त्यापलीकडे गेली असेल.

"मिक्सर बंद. जागचा हलू नका कोन."

मग मात्र तो उठला आणि सगळं त्यानेच केलं. तुळईपासून नऊ फुटांवर फळी उभी लावली, काँक्रीट तिथे सरळ कापून थांबवलं. माणसं सावलीत गेली. मालनबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

केरूने माणूस धाडून निरोप दिला होता. तीन वाजता आप्पा आणि उन्मेष जीपमधून आले. उन्मेषने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. आप्पा शेडसमोर उभे होते. माझी ट्रंक त्यांच्या मागे चार हातांवर, झाकण उघडंच.

"नवं ड्रॉइंग कामावर का नव्हतं?"

मी उत्तर जुळवत होतो. खरंच जुळवत होतो. आधी फोन, मग पेन्सिल, मग मार्च, की उलटं सांगावं.

मालनबाई म्हणाल्या, "जुनं परत न घेता मी नवं दिलं. नियम माझा, मोडला मी."

"मग त्या वहीचा उपयोग काय?"

"वहीत दिसलं म्हणून आले."

"आणि ऑफिस कुणाच्या भरवशावर टाकून आलात?"

"कुलूप लावून आले."

आप्पा माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही बोलायचंय, खेडेकर?"

मी म्हणालो, "नाही."

चार दिवसांनी नव्या सळया बांधून गॅलरी टाकली. ती अजून उभी आहे. मालनबाईंना त्या जूनमध्ये कायम करायचं होतं, पत्र टाइप होऊन तयार होतं. आप्पांनी ते थांबवलं आणि पुढे दोन वर्षं दिलं नाही. पत्र मालनबाईंनी स्वतःच टाइप केलेलं होतं, हे मला उन्मेषने सांगितलं. त्या दोन वर्षांत आप्पांच्या केबिनच्या दारापर्यंत मी किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. दार ढकललं नाही.

मालनबाईंचा नियम मात्र सगळ्या साइटला लागू झाला. पूजेसाठी त्या वेगळी प्रत द्यायला लागल्या. तिच्यावर शिक्का असायचा, 'फक्त पूजेसाठी, बांधकामासाठी नाही'. एका गुरुजींनी तो मोठ्याने वाचला आणि हसून हळद-कुंकू बरोबर शिक्क्यावर वाहिलं. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा उन्मेषने त्यात यादी केली. मालनबाई दर सोमवारी ती छापून वहीशी ताडून बघत. त्याला त्याचा राग यायचा, मग यायचा बंद झाला.

माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच वागल्या, म्हणजे कामापुरत्या. ट्रंकेचं त्या कधी बोलल्या नाहीत. मला वाचवायचं होतं, की त्यांच्या हिशेबी चूक खरोखर त्यांचीच होती, की माझ्यावर शब्द खर्च करावा असं त्यांना वाटलं नाही, यातलं काहीही असू शकेल. त्यांना ओळखणारा माणूस हे सांगू शकला असता.

२००७ मध्ये मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी त्यांनीही काम सोडलं. पुढे काही वर्षांनी त्या वारल्या, तेही मला उन्मेषकडून वर्षभराने कळलं.

शेवटची भेट रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर झाली, २००८ च्या जानेवारीत. त्या बाकावर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. मी शेजारी बसलो. त्यांना वेळणेश्वरला जायचं होतं, गुहागरची गाडी यायला पंधरा-वीस मिनिटं होती. तिकडे कुणी आहे का, असं मी विचारलं. आहेत, म्हणाल्या. मग चूक माझी होती हे सांगणारं वाक्य मी मनात पहिल्यापासून म्हणायला लागलो, आणि दर वेळी ट्रंकेपाशी आलो की सुरुवातीला परत जात होतो. गाडी लागली. मी पिशवी उचलून त्यांना आत नेऊन दिली.

"जड आहे हो," मी म्हणालो.

"तांदूळ आहेत."

"खिडकीची मिळाली हे बरं झालं."

"हो. पण ऊन या बाजूला येईल."

"मग पलीकडे बसा," मी म्हणालो. "तिकडे रिकामी आहे."