जवळचा पोल

आमच्या घरात चौघांचे कपडे एकाच रंगाचे होते, काळपट तपकिरी. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की तो साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, रॉकेलनेही जात नाही. आबा, म्हणजे माझे वडील, केळी कापणाऱ्या टोळीत होते. दुसऱ्यांच्या बागेत घड कापायचा, डोक्यावर घ्यायचा, चिखलातून गाडीपर्यंत न्यायचा. ज्या दिवशी कटाई नसेल त्या दिवशी दुसऱ्यांच्या बागेला पाणी भरायचं. माय आणि आम्ही दोघी बहिणी निंदणीला, नाहीतर कापूस वेचायला. पावसाळ्यात काम नसलं की चूल एकदाच पेटायची, आणि माय म्हणायची आज मला भूक नाही. तिला आठवड्यातून चार दिवस भूक नसायची.

जळगावला कॉलेजात गेले तेव्हा माझ्या ड्रेसच्या दोन्ही बाह्यांवर चिकाचे डाग होते. एका मुलीनं विचारलं, "हे डिझाइन आहे का गं?" मी म्हटलं, "हो." तीन वर्षं तेच डिझाइन घालून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. हे मी सांगते तेव्हा माझी मान ताठ असते. आजही असते. पण पुढं जे झालं ते या ताठ मानेमुळंच झालं, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

धाकटी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अभ्यासात बरी, पण पायानं वारा. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीला एकदा जाऊन आली, थोडक्यात राहिली. वयाच्या अटीत आता एकच भरती उरली होती. ती आज ना उद्या निघणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती गेली की मग कापूस, नाहीतर लग्न, हेही माहीत होतं.

तिला लागत होतं एक मैदान आणि दोन तास. मैदान होतं. गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. तास मात्र नव्हते. सकाळी आठला ती वेचणीला जायची, सहाला परत यायची, पाणी भरून भाकरी टाकून मोकळी व्हायची तेव्हा सात वाजलेले असायचे आणि मैदानावर हात समोर धरला तरी दिसायचा नाही. जळगावहून असोद्याच्या पुढं आमचं गाव. बागांमध्ये साप निघतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. बाटल्या घेऊन बसणारेही तिथंच बसायचे. गावात अशा आणखी सात-आठ पोरी होत्या. दिवसा मजुरी, संध्याकाळी अंधार.

मी तेव्हा गावात लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. दाखले, पीकविमा, निराधारचे कागद. माझ्या अक्षराला मान होता. मी ग्रामपंचायतीत गेले.

ग्रामसेवक म्हणाले, "ताई, खेळाच्या मैदानाला दिवे असं खर्चाचं हेडच नाही आपल्याकडं. एलईडी पथदिव्यांचं आहे."

"मग मैदानालगतच्या रस्त्यावर पथदिवे, असं लिहिते. बसवताना फक्त तोंड आत करायचं."

ते हसले. सरपंचांकडं बघून म्हणाले, "नाना, शिकलेली पोरगी कशी ओळखू येते पाहा." नाना म्हणाले, "करून टाका. पोरींचं काम आहे."

मी हवेतच घरी आले. अर्जासोबत एक तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता, जोडणी कोणत्या पोलवरून घ्यायची. मी मैदानावर गेले, कोपऱ्याला लागूनच एक पोल होता, त्याच्यावर रंगानं नंबर टाकलेला. तोच उतरवून घेतला. याच्याहून जवळ काय असणार?

ओट्यावर बसून तो तक्ता भरत होते. शेजारी आबा विळ्याला धार लावत होते. त्यांनी वाकून पाहिलं. "काय लिहू राह्यली पोरी?"

मी म्हटलं, "सरकारी कागद आहे, आबा. तुमच्या कामाचं नाही."

ते परत विळ्याकडं वळले. धार लावत राहिले.

दिवे आले. सहा खांब, सहा दिवे. ठेकेदाराच्या माणसांनी मी सांगितलं तशी तोंडं मैदानाकडं वळवली. उद्घाटन दुपारी चारला ठेवलं, कारण पाहुण्यांना पुढं जामनेरला जायचं होतं. नारळ फुटला, बटण दाबलं, सहाही दिवे लागले. उन्हात ते फिकटच दिसत होते, पण लागले होते. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. मला पाच मिनिटं बोलायला दिलं, मी दहा मिनिटं बोलले. धाकटी बूट घालून कडेला उभी होती, कधी एकदा ही माणसं जातात असं तिच्या तोंडावर होतं.

माणसं गेली. दिवस मावळायला आला. पोरी रांगेत उभ्या राहिल्या. आणि दिवे गेले.

"लोडशेडिंग असेल," मी म्हटलं. पण नाल्याच्या अलीकडं सगळं गाव उजळलेलं होतं. कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. आम्ही आठपर्यंत बसलो. मग एकमेकींचे हात धरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दिवे लागले. लख्ख उन्हात. खाली दोन म्हशी बसलेल्या होत्या.

आबा कामावरून येताना तिथं थांबले. वर पाहिलं, मग पोलकडं पाहिलं, आणि म्हणाले, "ही तं शेतीची लाइन हाये."

शेतीची लाइन म्हणजे मोटारपंपांची. तिला वीज मोजून आठ तास. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर. संध्याकाळी सात ते नऊ त्या तारेत कधीच काही नसतं. गावाची लाइन वेगळी, तिचे पोल नाल्याच्या अलीकडं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न.

"वीस वर्षं झाली या बागांले पाणी भरू राह्यलो. याच पोलवरून मोटर चालते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू म्हणली ना, माह्या कामाचं नाही."

ते रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

गावाला विषय मिळाला. पारावरून हाका यायच्या, "ओ अक्का, उन्हात दिसत नाही आम्हाला, अजून दोन दिवे लावा!" टोळीतले म्हातारे आबांना म्हणायचे, "तुझ्या पोरीनं काय दिवे लावले रे भाऊ!" माय धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी. ती एकदाच बोलली. "दिनमा दिवा लावतस, हाई कोनतं शिक्षण शे?" आणि भाकरी थापत राहिली.

मी जळगावला वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. एकदा नाही, मोजणं सोडून दिलं इतक्यांदा. तिथल्या बाबूंनी फाइल काढली. वर शिक्का, काम पूर्ण. आत फोटो चिकटवलेला.

"बाई, फोटोत तर दिवे लागलेले दिसतात."

"ते दुपारचे आहेत, साहेब."

"लागले की नाही लागले?"

"लागले."

"मग तक्रार काय?"

त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली. पोल नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर कोणाचं?"

माझं होतं. सुंदर, गोल, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर. जोडणी बदलायची तर नवीन अर्ज, नवीन मोजणी, नवीन मंजुरी. नाला ओलांडायचा म्हणजे केबल. तेवढ्यात पंचायतीची मुदत संपली, प्रशासक आले, त्यांच्याकडं अकरा गावं. आणि तेवढ्यातच भरती निघाली.

धाकटी डांबरी रस्त्यावर पळायला लागली. केळीच्या गाड्या, ट्रॅक्टर, आणि मागून आबा सायकलवर टॉर्च धरून. पळणं जमलं. पण भरतीत गोळाफेकही असते, आणि गोळा रस्त्यावर टाकता येत नाही. चार किलोचा लोखंडी गोळा समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर कोण टाकणार? मग ती अंगणात मायचा वरवंटा टाकायची. अंगण म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा पावलं. माय ओरडायची, "मना वरवंटा फोडशी काय?" धाकटी हसायची, "फुटला तर पोलीस झाल्यावर मिक्सर आणीन." त्या दिवसांत ती हसायची अजून.

मैदानी चाचणीला मी तिच्याबरोबर गेले. कुंपणाबाहेर उभी होते. आठशे मीटरला ती दुसरी आली. मी ओरडले, शेजारच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मग गोळा. अंगणात पूर्ण हात फिरवायची सवयच राहिली नव्हती. पहिला आखलेल्या रेषेबाहेर पडला. दुसरा जवळ पडला. तिसऱ्या वेळी तिनं जोर लावला आणि वर्तुळातून पाय बाहेर गेला. तिथल्या मॅडमनी लाल झेंडी वर केली.

यादी लागली, त्यात ती नव्हती. गोळ्याच्याच गुणांनी राहिली.

ती रडली नाही. बूट धुतले, वाळवले, शेजारच्या पोरीला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी वेचणीला गेली. मीही गेले, कारण घरात बसून मला तिच्या रिकाम्या जागेकडं बघवत नव्हतं. दोन ओळींत शेजारी-शेजारी वेचत होतो. मी वाट बघत होते, ती म्हणेल, अक्का, तुझी चूक नाही. अशा वेळी बहिणी म्हणतात तसं. दुपारपर्यंत ती वेचत राहिली. मग कापसाची ओटी सोडता सोडता म्हणाली, "आबांना एकदा विचारायचं होतंस, अक्का."

एवढंच. नंतर आजतागायत तिनं तो विषय काढलेला नाही. वयाची अट संपली, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. चाळीसगावकडं दिली. माणसं वाईट नाहीत. फोनवर ती पोराचं सांगते, पावसाचं सांगते. टेकडीवरचा सासरचा रस्ता चढताना आता धाप लागते, असं एकदा म्हणाली. मी फोन ठेवून दिला, रेंज गेली असं खोटं सांगितलं.

मी दुसरा अर्ज लिहिला, तो तिचं लग्न झाल्यानंतर. मनात काही आशा होती म्हणून नाही. दिवसा जळणारे ते दिवे रोज डोळ्यांपुढं यायचे, आणि त्या वाटेनंच कामाला जावं लागायचं. या वेळी ओट्यावर आबांना समोर बसवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कोणता पोल, तार कुठून वळवायची, नाल्यात केबल कुठं घातली तर पुरात वाहणार नाही. त्यांना सही करता येते, तेवढीच. मी खाली माझं नाव लिहिलं आणि वर त्यांचं. मंजुरीला आणखी दोन पावसाळे गेले. खोदाईला माणूस मिळेना, तेव्हा आबांच्या टोळीनं कटाई नसलेल्या दोन दिवसांत नाल्यापर्यंत चर खोदून दिला. आबांचा खांदा तोवर गेला होता. ते कडेला बसून, इकडं घ्या, तिकडं नको, सांगत होते. दिवे लागले त्या संध्याकाळी मी मैदानावर गेले नाही. आबा गेले. परत येऊन म्हणाले, "लागले," आणि हात धुवायला बसले.

मैदानावरचे सहाही दिवे आता गावाच्या लाइनवर आहेत. संध्याकाळी सातला लागतात, नऊला बंद होतात. मजुरीवरून आलेल्या वीसेक पोरी रोज तिथं पळतात आणि गोळा टाकतात. मागच्या भरतीत त्यातल्या दोघी पोलिसात लागल्या.